जुन्या ध्वनिफिती आणि आमची धडपड

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हाला दोन शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल प्रथम आभार मानतो. आम्ही वक्ते नाही आणि तंत्रज्ञ तर मुळीच नाही. जो इथे उभा आहे तो बँकेत कारकून आहे. शिक्षण बी.ए., विषय मराठी आणि इतिहास. विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. पण आज जे सांगायचे आहे त्यात आमच्या घरची चार माणसे आहेत: कारकून, त्याची पत्नी, धाकटी बहीण आणि अकरावीत शिकणारा मुलगा. कामात एकट्याचे असे काहीच नव्हते, म्हणून बोलतानाही आम्ही 'आम्ही' असेच म्हणणार आहोत.

विषय साधा आहे. आमच्या घरात पाच जुन्या कॅसेटी होत्या. त्यांतला आवाज संगणकात उतरवायचा होता. ज्याला यातले काही येते त्याला हे एका दुपारचे काम वाटेल. आम्हाला दीड वर्ष लागले.

आमचे वडील एस.टी.मध्ये वाहक होते. हप्त्यावर घेतलेला एक छोटा टेपरेकॉर्डर त्यांच्याकडे होता. त्यातच माइक बसवलेला, लाल बटण आणि काळे बटण एकदम दाबले की रेकॉर्डिंग सुरू. जयंतीची भाषणे, गावातली भजने, लग्नातली गाणी असे जे कानाला भावेल ते त्यांनी धरून ठेवले. २०१९ साली ते गेले. त्यांची पत्र्याची पेटी आम्ही लगेच उघडली नाही, मन झाले नाही. २०२२ मध्ये घराला रंग द्यायचा म्हणून ती हलवली, तेव्हा तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच कॅसेटी निघाल्या. त्यांपैकी दोघींवर वडिलांच्या अक्षरात एवढेच लिहिलेले होते: 'आईच्या ओव्या'. तारीख नाही, साल नाही.

वडिलांची आई म्हणजे आमची आजी. तिचा एकच फोटो घरात आहे, मतदार ओळखपत्राचा. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे तिच्या हातचा कागद नाही. तिचे म्हणून जे काही जगात शिल्लक आहे ते या दोन कॅसेटींत आहे, हे आमच्या लक्षात आले तेव्हा आम्ही जरा घाबरलोच.

वडिलांचा टेपरेकॉर्डर पेटीत होता, पण चालेना. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झाला होता. मग आम्ही जे कोणीही करील तेच केले. शहरातल्या एका दुकानात कॅसेटी दिल्या आणि पेनड्राइव्हवर भरून मागितल्या. आठ दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. घरी येऊन लावला तर आजीचा आवाज फाटलेला. ती जिथे जिथे सूर उंच नेते तिथे तिथे पत्रा फाटावा तसा आवाज. शिवाय एका कॅसेटची एकच बाजू भरलेली आणि फीत एका जागी चुरगळलेली. दुकानाला दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्या दृष्टीने त्या शंभरातल्या दोन कॅसेटी होत्या. पण त्या रात्री बहीण म्हणाली, "दादा, आपल्याकडे आजी एकच आहे. हे आपणच करायचं." आणि आम्ही कामाला लागलो.

बंधू-भगिनींनो, नव्या यंत्राची भीती आम्हाला अनोळखी नाही. आम्ही बँकेत लागलो तेव्हा शाखेत जाड लेजरे होती. पुढे सगळ्या शाखा एका संगणकाला जोडण्याचे काम सुरू झाले, तेव्हा आमच्यातल्या जुन्या जाणत्या लोकांचे हात कळफलकावर थरथरत होते. बँकांच्या यांत्रिकीकरणाची शिफारस डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ सालीच केली होती, पण ती टेबलापर्यंत यायला वर्षे गेली. त्या काळात आम्ही एक गोष्ट शिकलो. यंत्र शिकताना माणसाला लाज वाटते, आणि ती लाज सोडली की निम्मे शिक्षण झाले. आता हाच धडा घरात मुलासमोर गिरवायचा होता. जो मुलगा आमच्याकडून सही घेऊन शाळेत जायचा, त्यालाच "हे भोक कशाचं रे?" असे विचारायचे होते.

आधी कॅसेट म्हणजे काय ते समजून घेतले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली. आत साधारण पावणेचार मिलिमीटर रुंदीची प्लॅस्टिकची फीत असते. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची बारीक पूड चिकटवलेली असते. आवाजाप्रमाणे त्या पुडीत चुंबकत्व भरले जाते. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकते, म्हणजे अर्ध्या तासात सुमारे ८६ मीटर. आजीचा अर्धा तास हा ८६ मीटरचा एक धागा आहे, हे कळल्यावर आम्ही कॅसेट हातात धरण्याची पद्धतच बदलली.

जुन्या बाजारातून एक टेप डेक आणला. एका वयस्कर रेडिओ मेकॅनिकने त्याचा पट्टा आणि रबरी चाक बदलून दिले. त्यांनीच सांगितले की हेड, म्हणजे फीत ज्याला घासून जाते तो धातूचा तुकडा, आधी साफ करा. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसले तर काडी तपकिरी झाली. आणखी एक मोलाची गोष्ट त्यांनी सांगितली: आधी टाकाऊ कॅसेट लावा, ती यंत्राने गिळली तरी रडू येणार नाही अशी. तशी एक जाहिरातीची कॅसेट आम्ही तीन दिवस वाजवली. शेजाऱ्यांना वाटले आमचे डोके फिरले.

मग जोडणी. डेकमधून वायर काढली आणि लॅपटॉपच्या एकुलत्या एका भोकात घातली. ऑडॅसिटी नावाचा एक प्रोग्राम मुलाने उतरवून घेतला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात तो सुरू झाला आणि २००० सालापासून तो जगाला फुकट मिळतो. लाल गोल दाबला की मुद्रण. आम्ही पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, कुकरची शिट्टी काढून ठेवली आणि चौघे श्वास रोखून अर्धा तास बसलो. घामाने भिजलो. अर्धा तास झाल्यावर मुलगा हसायला लागला. म्हणाला, "बाबा, आवाज वायरमधून जातोय. आपण ढोल बडवला असता तरी चाललं असतं." बी.ए. झालेल्या माणसाचे अज्ञान हे असे असते. पत्नी म्हणाली, "निदान अर्धा तास घरात शांतता तरी होती."

पण ऐकून पाहिले तर आवाज पुन्हा फाटलेलाच. दुकानातल्यासारखाच. तेव्हा कळले की दुकानदाराचे काय चुकले असावे. लॅपटॉपचे ते भोक माइकसाठी असते. माइकचा आवाज अगदी नाजूक असतो, म्हणून यंत्र तो आत आल्यावर कितीतरी पट वाढवते. डेकचा आवाज मुळात जोरकस. त्याला वाढवले की तो मापाबाहेर जातो. संगणकात शून्य डेसिबल ही वरची हद्द असते. त्यापलीकडचा आवाज तो सरळ कापून टाकतो आणि जे कापले गेले ते परत येत नाही. पाचशे रुपयांच्या रकान्यात पाच हजार लिहायला गेलो तर शेवटचे शून्य रकान्याबाहेर जाते, तसाच प्रकार. उपाय म्हणून 'लाइन-इन' असे छापलेली यूएसबीची छोटी पेटी घेतली. आवाजाची पातळी अशी ठेवली की आजीचा सर्वांत उंच सूरही हद्दीच्या सहा डेसिबल खालीच राहावा. आवाज हळू वाटला तरी चालेल, तो नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

त्यानंतर गुणगुण आली. सगळ्या मुद्रणामागे भुंग्यासारखा एकसुरी आवाज. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, तिचाच तो नाद. डेक आणि लॅपटॉप दोन्ही भिंतीच्या विजेला जोडलेले असले की वायरीतून असे वर्तुळ तयार होते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला आणि भुंगा उडाला. हे शोधायला आम्हाला तीन रविवार लागले. सांगायला तीन वाक्ये पुरली.

संगणकात आवाज कसा साठतो, हेही मुलाने समजावले. यंत्र सेकंदाला हजारो वेळा आवाजाची उंची मोजते आणि आकडे लिहून ठेवते. म्हणजे ते लेजरच म्हणायचे. गाण्याच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात आणि प्रत्येक नोंद १६ बिटांची असते. जुना ध्वनी जपणाऱ्या संग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ती किमान ४८,००० नोंदी आणि २४ बिट ठेवा असे सांगते. आम्ही तेच माप धरले. अर्ध्या तासाच्या एका बाजूला सुमारे २६० एमबी जागा लागते. आजच्या हिशेबाने ती काहीच नाही. एमपी३ केले तर फाइल लहान होते, पण ती लहान करताना यंत्र स्वतःच्या अक्कलहुशारीने काही आवाज टाकून देते. म्हणून मूळ प्रत डब्ल्यूएव्ही स्वरूपातच ठेवली.

इथपर्यंत सगळे यंत्राचे झाले. खरी गोष्ट आता सांगायची आहे.

मुद्रण चांगले झाले, पण फितीची खरखर होतीच. ऑडॅसिटीत ती काढण्याची सोय आहे. पद्धत अशी की ज्या जागी फक्त खरखर आहे, बोलणे किंवा गाणे नाही, असा दोन-चार सेकंदांचा तुकडा यंत्राला दाखवायचा. यंत्र तो नमुना ध्यानात घेते आणि त्या जातीचा आवाज सगळ्या मुद्रणातून वजा करते. आम्ही सुरुवातीचा तुकडा दाखवला, कारण तिथे आजी अजून गायला लागली नव्हती. बटण दाबले. काय सांगावे महाराज, आजीचा आवाज काचेसारखा स्वच्छ झाला. मागे काहीच नाही, नुसता गळा. आम्ही चौघेही खूश झालो. बहिणीने तर त्याच रात्री सगळ्या नातेवाइकांना फोन केले.

आमची आत्या गावी असते. वय ऐंशीच्या घरात. त्या दिवशी जात्यावर आजीसमोर तीच बसली होती, दोघींच्या ओव्या आहेत. आम्ही लॅपटॉप घेऊन गेलो. आत्याला कमी ऐकू येते म्हणून कानाला हेडफोन लावून दिला. आम्हाला वाटले, ती रडेल, आशीर्वाद देईल. तिने दोन मिनिटे ऐकले, हेडफोन काढला आणि विचारले, "जातं कुठं गेलं रं?"

आम्हाला कळेना. ती म्हणाली, "आम्ही दळत व्हतो. जात्याबिगर ओवी व्हय? आई नुसती रडल्यावानी वाटती हिच्यात. अन् आवाज बी तिचा न्हाई असा. लई बारीक. कोन पोरगी म्हनती ही?"

आम्ही तसेच परत आलो. एस.टी.त कोणी बोलले नाही. रात्री मुलाने मूळ मुद्रण पुन्हा लावले आणि आमची चूक समोर आली. सुरुवातीच्या ज्या तुकड्यात आजी गात नव्हती, त्यात जाते फिरत होते. त्याची घरघर आम्ही यंत्राला कचरा म्हणून दाखवली. यंत्राने सांगितल्याप्रमाणे इमाने इतबारे काम केले आणि सबंध अर्ध्या तासातून जाते पुसून टाकले. जात्याच्या एका फेऱ्याला ओवीचा एक चरण चालतो, खुंटा ओढताना दम लागतो, त्या दमावर शब्द लांबतो. हे सगळे त्या घरघरीत होते. आम्ही गिरणीच्या पिठावर वाढलेली पिढी. आम्हाला तो गोंगाटच वाटला.

मित्रहो, इथे बँकेची सवय कामी आली. लेजरात आकडा चुकला तर खाडाखोड करून पुसायचा नसतो. त्यावर आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. मूळ आकडा वाचता आलाच पाहिजे. याच सवयीने आम्ही पहिले मुद्रण वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवले होते आणि सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर केले होते. तसे केले नसते तर आज आपल्यासमोर उभे राहायचे तोंड नव्हते. दुसऱ्यांदा नमुना निवडताना कॅसेटच्या अगदी शेवटचा, दळण थांबल्यानंतरचा तुकडा घेतला. तिथे फक्त फितीची सळसळ होती. तीही थोडीच कमी केली. आता खरखर राहिली आहे, पण जातेही राहिले आहे.

आत्याची दुसरी तक्रारही खरी निघाली. तो जुना टेपरेकॉर्डर सेलवर चालत असे. सेल उतरू लागले की मोटर मंद होते, सेकंदाला कमी फीत सरकते. तीच फीत पुढे नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज भरभर आणि बारीक होतो. पहिल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला हेच झाले होते. आत्याला आम्ही नेमकी तीच बाजू आधी ऐकवली होती. यावर उपाय वेग कमी करण्याचा. ऑडॅसिटीत नुसता सूर बदलणे, नुसती लय बदलणे आणि दोन्ही मिळून वेग बदलणे अशा तीन वेगवेगळ्या सोयी आहेत. आपल्याला तिसरी हवी, कारण फीत मंद झाली की दोन्ही एकदम बिघडतात. पण किती टक्के? ते सांगणारे यंत्र आमच्याकडे नव्हते. दुसऱ्या खेपेला आम्ही तीन, चार, पाच, सहा टक्के अशा वेगवेगळ्या प्रती करून नेल्या. आत्या एकेक ऐकत गेली. "हं, ही न्हाई. ही बी न्हाई." सहा टक्क्यांवर तिने डोळे मिटले आणि तिचा उजवा हात गोल फिरू लागला. आम्ही विचारायचे थांबलो. त्या फाइलीवर सहा हा आकडा लिहिला आणि कारण म्हणून 'आत्याने ओळखले' अशी नोंद केली.

शब्दांचेही तेच. मोबाइलमध्ये बोललेले आपोआप लिहून देण्याची सोय आहे, ती वापरून पाहिली. गावाकडची बोली, त्यात ओवी आणि वर जात्याचा आवाज. यंत्राने जे लिहिले ते वाचून हसावे की रडावे कळेना. मग पत्नीने वही घेतली. आत्या एक चरण ऐकायची, सांगायची, पत्नी लिहायची. तीन दिवसांत दोन्ही कॅसेटींच्या ओव्या उतरल्या. नंतर आम्ही त्या युनिकोडमध्ये टंकलिखित केल्या. एका ओवीबद्दल आत्या म्हणाली, "ही घरातच ऱ्हाऊ द्या. जावेचं नाव हाय हिच्यात." ती ओवी आम्ही वेगळी ठेवली. फीत आमच्या मालकीची आहे, पण गाणे जिने म्हटले तिचे आहे. यंत्राला हे समजत नाही, ते आपल्यालाच समजले पाहिजे.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल की हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया ही संस्था २०१७ पासून त्या टप्प्याटप्प्याने सर्वांसमोर ठेवत आहे. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत, त्या ज्या माउल्यांनी रचल्या त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. आमचे काम त्यापुढे मुठीएवढेही नाही. पण त्या लाखांत आमची आजी नाही. तिचे काम आमच्याकडेच होते.

आता जे सांगायला जड जाते ते सांगतो. दुसऱ्या कॅसेटची दुसरी बाजू लावली, तर आजीच्या ओव्यांऐवजी रेडिओवरची सिनेमाची गाणी ऐकू आली. बहिणीने आमच्याकडे पाहिले. आम्हाला आठवले. १९९३ साल असावे, वय तेरा. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन लहान चकत्या असतात. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा मुद्रण होत नाही. वडिलांनी काळजीने त्या मोडून ठेवल्या होत्या. त्या भोकांवर कागदाचे बोळे कोंबून चिकटपट्टी लावण्याची युक्ती वर्गातल्या मुलांकडून शिकून, आम्हीच त्या बाजूवर गाणी भरली होती. नवे मुद्रण करताना यंत्र आधी जुने पुसते. ते कोणत्याही प्रोग्रामने परत येत नाही. वडिलांना हे कळले होते की नाही, ठाऊक नाही. त्यांनी कधी शब्दाने विचारले नाही. ती कॅसेट मात्र इतरांबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.

आम्ही गाणी शेवटपर्यंत ऐकली, कारण पूर्ण बाजू उतरवायची असा नियमच केला होता. शेवटचे गाणे अर्धवट तुटले, खट् असा आवाज झाला आणि पाठोपाठ जाते. गाणी फितीपेक्षा आधी संपली होती. शेवटची दोन-अडीच मिनिटे पुसली गेली नव्हती. त्यात आजीची एक ओवी आहे, आणि मग ती आत्याला म्हणते, "पीठ भर गं आता, झाली हळद." बस, एवढेच. फीत संपते.

ते वाक्य ऐकून आत्याने दिवस ओळखला. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची हळद दळायला त्या दोघी बसल्या होत्या. लग्न १९९१ सालचे. अशा रीतीने कॅसेटवर नसलेली तारीख मिळाली. आणि जे पुसले गेले त्यात काय होते, हेही तिनेच सांगितले. जन्मशताब्दीचे ते वर्ष, दोघींनी त्या दिवशी बाबासाहेबांच्या ओव्या म्हटल्या होत्या. त्याच त्या बाजूला होत्या.

आम्ही खाली मान घालून बसलो होतो. आत्या म्हणाली, "लेकरा, तू पोरगं व्हतास. आन ते तुझं मोबाइल हिकडं." तिने सुनेला जाते पुसून मांडायला लावले. मूठभर हरभरे टाकले. खुंट्याला सुनेने हात लावला, कारण आत्याच्या खांद्यात आता ताकद नाही. तिला आठवल्या तेवढ्या सात ओव्या तिने म्हटल्या. मधेच शब्द विसरला तर तोंडाने नुसती लय धरली. मोबाइलवर मुद्रण झाले. या वेळी पंखा मात्र खरोखरच बंद करावा लागला.

त्या आजीच्या ओव्या नाहीत, आत्याच्या आहेत. फाइलीच्या नावातही आम्ही तसेच लिहिले आहे. जे गेले ते गेले असे नोंदवहीत स्पष्ट लिहिले आहे आणि कोणामुळे गेले तेही लिहिले आहे.

आपला फार वेळ घेणार नाही. आपल्याही घरात माळ्यावर, पेटीत अशा कॅसेटी असतील. कुणाच्या वडिलांचे भाषण असेल, कुणाच्या मामांची शाहिरी असेल. अनुभवातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, फेकू नका. दुसरी, वरच्या चकत्या शाबूत असतील तर आजच मोडून टाका. तिसरी, फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, आधी जाणकाराला दाखवा. चौथी, ऊन, ओल आणि स्पीकरमधले लोहचुंबक यांपासून कॅसेटी दूर ठेवा. पाचवी, मुद्रण एकदाच करा पण सावकाश करा, आणि पहिल्या प्रतीला कधीही हात लावू नका. सहावी, तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी. आमची एक प्रत बहिणीकडे असते. सातवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कॅसेट उतरवली की ती प्रथम घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ऐकवा. फीत आणखी काही वर्षे टिकेल. ते माणूस किती दिवस असेल हे सांगता येत नाही.

ज्यांना स्वतः जमणार नाही त्यांच्यासाठी आमचा डेक, ती यूएसबीची पेटी आणि आमचा रविवार मोकळा आहे. संस्थेच्या कार्यालयात नाव सांगून ठेवावे. आम्ही पैसे घेणार नाही. फक्त कॅसेटसोबत तिचा मालक आणि घरातले एक म्हातारे माणूस घेऊन यावे.

भाषण संपवताना ओवी म्हणून दाखवावी असे काहींनी सुचवले. आमचा गळा तसा नाही, आणि आता त्याची गरजही नाही. लॅपटॉप आणला आहे. आजीचे जे ऐकवणार आहोत ते शेवटच्या अडीच मिनिटांतले आहे. मागे घरघर येईल. स्पीकर बिघडला असे कृपया समजू नका.

 

(यानंतर ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले.)